सरावाचा डोळा

१३ जानेवारी, सोमवार

डोळ्यांच्या बाहुल्या अजून मोठ्याच आहेत. लिहिते ती ओळ डोळ्यांपुढे पोहतेय. तरी लिहिणार!

दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस, आणि आमच्या शिक्षिका मिस ऑरेलियांनी वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या थेंबांच्या बाटल्या काढल्या. "लोकांच्या डोळ्यांत घालण्याआधी स्वतःच्यात घालून घ्या. चुरचुरतं म्हणजे नक्की काय होतं ते कळू दे." माझी जोडीदार थाओ — वीस वर्षांची, बापाची कोळंबीची बोट आहे, हात असा स्थिर की बघत राहावं. तिचा थेंब बरोबर जागी. माझा पहिला तिच्या गालावर, दुसरा नाकावर, मग एकदाचा डोळ्यात. "मिस जॅनेल, कुणी विचारलं तर सांगेन प्रेमभंग झाला," म्हणते कशी कार्टी!

गाडी चालवायची सोय नव्हती. घरी सासूबाईंना फोन केला, घ्यायला या म्हणून. "गाडीचा आवाज बरा येत नाहीये. बस तिथेच, उतरेल औषध." वादळात झाडं पडलेल्या रस्त्यावरून गाडी हाकणारी बाई ही! आवाज म्हणे. कॉलेजच्या पायरीवर डोळ्यांवर रुमाल टाकून ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. येणारेजाणारे मला दारुडी समजले असतील.

शेहेचाळिसाव्या वर्षी हे! खेकडे सोलायचा कारखाना वादळानंतर उघडलाच नाही, नाहीतर अजून तिथेच उभी असते रबरी बूट घालून. तरुणपणी एकदा नर्सिंगला नाव घातलं होतं. सासरे अंथरुणाला खिळले, सोडावं लागलं. हे डोळे तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं शिक्षण मात्र पुरं करायचंच. गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्याने सांगितलंय — मे महिन्यात पास हो, जूनपासून ये.

१५ जानेवारी, बुधवार

"घरचा एक माणूस धरा," मिस ऑरेलिया म्हणाल्या. "दर आठवड्याला त्याचीच नजर मोजा. रोगी सारखे बदलले की तुम्हाला तुमच्या चुका दिसत नाहीत."

डॅरिल समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. नवरा म्हणून ठीक, सरावाला निरुपयोगी. जेवताना मी म्हटलं, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारते.

सासूबाईंनी, मिस अर्लीननी, चमचा खाली ठेवला. "शेजारी कशाला? मी काय मेलेय?"

"तुम्हाला तर हे सगळं खूळ वाटतं ना?"

"खूळच आहे. पण करायचंच तर घरात कर. गावभर कशाला?"

बावीस वर्षं झाली लग्नाला, अजून मी त्यांना मिस अर्लीनच म्हणते. दुसरं काही म्हण असं त्यांनी कधी सांगितलं नाही. घर त्यांचं, स्वयंपाकघर त्यांचं, भातात किती पाणी तेही त्यांचंच. आता माझा अभ्यासही त्यांच्याच खुर्चीत!

१८ जानेवारी, शनिवार

पहिली तपासणी. तक्ता बोळाच्या टोकाला चादरींच्या कपाटावर चिकटवला, खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. मिस अर्लीन आल्या त्या ओठांना लाली लावून, रविवारच्या कुड्या घालून! "डोळ्यांत बघणार आहेस ना? मग नीट दिसायला नको?" डोळा झाकायला काही नव्हतं तर गंबोचा रस्सा ढवळायचा लाकडी चमचा घेतला.

उजवा डोळा, मग डावा. दोन्ही जवळजवळ खालच्या ओळीपर्यंत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मी म्हटलं, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे." तर म्हणतात, "माझ्या आईकडून आलेत. तुझ्या माहेरी काय, सगळेच चष्मे."

चला, सरावाला माणूस मिळाला. बोलणी खाऊन का होईना.

२१ जानेवारी

बर्फ!! आमच्या खाडीकाठी! कॉलेज बंद. मिस अर्लीननी पातेलंभर बर्फावर उसाचा पाक ओतला आणि झोपायच्या झग्यात पायरीवर बसून खाल्ला.

२९ जानेवारी, बुधवार

गुण कापले. कारण? डोळा बदलला पण पडद्यावरची अक्षरं बदलली नाहीत. कॉलेजात कागदी तक्ता नसतो, पडदा असतो. बटण दाबलं की अक्षरं दुसरी. मी विसरले.

मिस ऑरेलिया ओरडत नाहीत, तेच वाईट. चष्म्यावरून बघतात. "जॅनेल, माणूस या खुर्चीत बसला की त्याला शाळा आठवते. तो तुला फसवत नसतो, तो पास व्हायला बघत असतो. पहिल्या डोळ्याने वाचलेलं दुसऱ्याने म्हणून टाकतो. आपलं आपल्यालाच कळत नाही. म्हणून बटण."

मी विचारलं, घरी बटण कुठलं? म्हणाल्या, शेवटाकडून उलटं वाचायला सांग. मिस अर्लीनना उलटं वाचा म्हणायची छाती कुणाची! त्या चमचा डोळ्यावरून काढून माझ्या टाळक्यात घालतील. असू दे. त्यांचे डोळे चांगलेच आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्याचा दाब मोजायला शिकतोय. भीतीने घाम फुटतो! निळा दिवा, आणि एक छोटीशी काचेची कांडी, ती चक्क बुबुळाला टेकवायची. टेकली की आतून दोन अर्धगोल दिसतात, त्यांची टोकं जुळवायची. माझे अर्धगोल तर काही भेटेचनात. थाओ बिचारी हनुवटी टेकवून बसली, डोळा लालेलाल.

"डोळा आहे तो, खेकडा नाही," मिस ऑरेलिया मागून म्हणाल्या. "फोडून आतलं काढायचं नाहीये."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग गाडीत बसून रडले.

घरी मिस अर्लीननी चेहरा बघून ओळखलं. ताटात भात वाढला, वर कोळंबी, आणि म्हणाल्या, "शा, खाऊन घे." शा म्हणजे लाडाने म्हणतात आमच्याकडे. मला त्या वर्षातून एकदा म्हणत असतील.

११ फेब्रुवारी

आज कॉफीवरून भांडण. त्या ओततायत आणि कॉफी कपाच्या शेजारी, टेबलभर. "तू कप हलवलास!" मी कपाला हातही लावला नव्हता. नाकावर माशी बसू देतील तर शपथ.

१२ फेब्रुवारी

अर्धगोल जुळले!!! थाओने टेबलावर ताल धरला. मिस ऑरेलिया फक्त "हं" म्हणाल्या, पण ते "हं" चांगलं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नेहमीची तपासणी. दोन्ही डोळे तसेच. आता तर चमचा डोळ्यावर ठेवला की धडाधड म्हणत जातात, मला तक्त्याकडे काठी न्यायलाही वेळ देत नाहीत. "लिही, लिही," म्हणतात. "तुझ्या त्या बाईला सांग, माझ्या सुनेचं काम चोख आहे."

४ मार्च, मार्दी ग्रा

उपास सुरू व्हायच्या आधीच्या सणाच्या मिरवणुकीला गेलो. डॅरिल घरी आहे. रथांवरून लोकांकडे मण्यांच्या माळा फेकत होते. मिस अर्लीन म्हणजे गावात प्रसिद्ध — हवेतली माळ हवेत पकडणार, शेजारच्या पोराच्या तोंडातून घास काढावा तशी. आज एक आली समोरून, त्यांनी हात घातला आणि हात शेजारून गेला. दुसरी, तसंच. डॅरिल म्हणाला, "आई, म्हातारी झालीस!" त्या म्हणाल्या, "आजकाल फेकताच येत नाही कुणाला." मग पाय दुखतात म्हणून गाडीत जाऊन बसल्या.

उद्यापासून चाळीस दिवसांचा उपास. त्या गोड सोडतात. मी चिडणं सोडावं म्हणते. बघू कुठवर टिकतं!

२५ मार्च

डॅरिल परत समुद्रावर. जाताना म्हणाला, "डॉक्टरीणबाई, घराकडे बघ." मी म्हटलं, डॉक्टरीण नाही, तंत्रज्ञ. आपण मोजायचं, लिहायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं. काय झालंय ते आपण रोग्याला सांगायचं नाही. हे पहिल्या दिवसापासून घोकून घेतात आमच्याकडून.

३ एप्रिल, गुरुवार

कसं लिहू?

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. सरावाचा माणूस बरोबर आणायचा होता. मिस अर्लीननी निळा झगा घातला, चर्चचा. वाटेत मलाच धीर देत होत्या. "घाबरू नकोस, मी आहे."

खोलीत आम्ही दोघी आणि मिस ऑरेलिया, कोपऱ्यात पेन घेऊन. उजवा डोळा आधी. मिस अर्लीननी कॉलेजचं काळं झाकण हातात घेऊन बघितलं, "हे फारच हलकं," म्हणाल्या, आणि डावा झाकून वाचत गेल्या. छान. मग मी बटण दाबलं. जानेवारीत गुण गेले होते ना, ते बोटाच्या लक्षात होतं. अक्षरं बदलली.

"आता डावा."

त्यांनी उजवा झाकला. मान ताठ केली. आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता, वरपासून खालपर्यंत वाचलं — मघाशी उजव्याने वाचलेलं. तीच अक्षरं, त्याच क्रमाने. पडद्यावर सगळं वेगळंच होतं.

मला आधी वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. पडद्याकडे बघितलं. गेलं होतं. मिस ऑरेलियांकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही, पेन तेवढं थांबलेलं.

मिस अर्लीन हसत होत्या. शाबासकीची वाट बघत.

आवाज ठेवला शिकवलाय तसा, सपाट. "मिस अर्लीन, आता एकच अक्षर ठेवते. मोठं. ते सांगा."

त्यांनी मान जरा तिरकी केली.

"सावकाश बघा."

"एच," म्हणाल्या. विचारल्यासारखं. पडद्यावर झेड होतं, ताटाएवढं.

पुढे जाऊन बोटं धरली. "किती?" "दोन." तीन होती. आणखी पुढे गेले. आणखी. अगदी तोंडाजवळ बरोबर आलं. लिहिलं — डावा डोळा, जवळून फक्त बोटं मोजता येतात. अक्षर माझं मलाच ओळखू येईना.

खुर्चीतून उतरताना त्यांनी माझा दंड धरला, कानाशी आल्या. "झालीस ना गं पास?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सांगायचं नसतं ना आपण!

मिस ऑरेलिया मागून आल्या, बाहेर बोळात. "पास आहेस. शहरातल्या डॉक्टरांना मी फोन केलाय, डोळ्याच्या मागच्या पडद्याचं बघतात ते. उद्या सकाळी घेऊन जा." आणि मग, त्यांनी कधी केलं नव्हतं ते — माझ्या पाठीवर हात ठेवला.

४ एप्रिल, शुक्रवार

डोळ्याच्या आतला फोटो काढला. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवण्याआधीच मी बघितला. पुस्तकात हे चित्र मी पिवळ्या पेनाने रंगवून ठेवलंय. मधोमध फुगलेलं, खाली रक्त, कडेला वण धरलेला.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस अर्लीननी माझ्याकडे बघितलं नाही. "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास असेल. मधेच एक डाग बसतो. ज्याच्याशी बोलायचं त्याचं तोंडच जातं. कडेचं सगळं दिसतं हो! कान दिसतात."

थँक्सगिव्हिंग! म्हणजे मी तक्ता चिकटवला त्याच्या आधीपासून. ती कॉफी, त्या माळा, तो गाडीचा आवाज! दर शनिवारी मी त्यांच्यासमोर उभी, हातात काठी, आणि लिहितेय — डावा डोळा उत्तम. मीच!

"तेव्हाच आला असतात तर..." डॉक्टर म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. डाव्याची मधली नजर परत येणार नाही. कडेची उरली आहे ती टिकवायला इंजेक्शन, दर महिन्याला, थेट डोळ्यात. उजवा आज ठीक आहे, पण त्याच वाटेने जाऊ शकतो. "सरळ रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी आलात तर वाचवता येतो."

सुई जाताना त्यांनी माझा हात धरला होता. दातांवर दात. नंतर म्हणाल्या, "तुझ्या हाताला अजून खेकड्याचा वास येतो."

६ एप्रिल, रविवार

आज फुटलेच. चिडणं सोडलं होतं, ते सगळं साठलेलं निघालं.

"का? का म्हणून?"

"तुझे मार्क गेले असते."

"मार्क!"

"त्या बाईनं म्हटलं असतं, हिला धड माणूसही आणता येत नाही. आंधळी म्हातारी आणली."

"ही शाळेची कविता आहे का पाठ करायला? तुम्ही मला बनवलंत! माझ्याच घरात, माझ्याच तक्त्यासमोर!"

"घर माझं आहे," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

दार लोटलं नाही, आपटलं. मग मला फार वाईट वाटलं. मग पुन्हा राग आला. कुणाचा आहे तेच कळत नाही. मला उलटं वाचायला सांगायचं धाडस झालं नाही, त्याचंही काय करू?

८ एप्रिल

अबोला. ताट वाढून ठेवतात आणि उठून जातात.

९ एप्रिल, बुधवार

डॅरिलचा समुद्रावरून फोन. आवाज तुटत होता. "जॅनेल, यंदाचं सोड ना. पुढच्या वर्षी कर. आईला दर महिन्याला शहरात कोण नेणार? तिच्याकडे कोण बघणार?" तो वाईट नाही. तो आईसाठी घाबरलाय. आणि खरं सांगायचं तर मीही रात्रभर तेच म्हणत होते स्वतःला. पुढच्या वर्षी. नर्सिंगच्या वेळीही असंच म्हटलं होतं — पुढच्या वर्षी.

१० एप्रिल, गुरुवार

वर्ग संपल्यावर मिस ऑरेलियांना सांगून टाकलं, सोडते. त्या काचा पुसत होत्या. पुसत राहिल्या. "सोमवारपर्यंत मला ऐकू येत नाही," म्हणाल्या.

घरी आले. मिस अर्लीन चुलीपाशी. त्यांच्या पाठीलाच सांगितलं, शिक्षण थांबवतेय, शहरात मी नेईन तुम्हाला.

हातातला चमचा त्यांनी भांड्यांत भिरकावला. असला आवाज! "म्हणून! म्हणूनच नाही सांगितलं!"

मी भांड्यांतून चमचा काढायला गेले.

"मार्क-बिर्क मला काय कळतात, बये? मला हे कळत होतं! मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दप्तर गुंडाळलं असतंस. मागे गुंडाळलंस तसंच." मग खुर्ची ओढून बसल्या. आवाज खाली आला. "डॅरिलच्या बापाच्या वेळी तू शाळा सोडलीस. मी तोंडातून शब्द काढला नाही. मला सोयीचं होतं, शा. तू त्याला उठवायचीस, तू धुवायचीस. मी चर्चला जायचे आणि लोक मला म्हणायचे, किती सोसतेस गं अर्लीन! मी हो म्हणायचे. परत तेच करणार नव्हते."

"डोळा गेला तुमचा त्यापायी."

"माझा होता."

मी त्यांच्या पायाशी बसले, फरशीवर. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो आधी कानावर पडला, मग सापडलं डोकं. त्यावर दोघींना हसू आलं, मग मला रडू.

मग सौदा केला. मी सोडणार नाही. महिन्याचं इंजेक्शन डॅरिल घरी असताना, तोच नेईल. आणि त्या — उजव्यात काही जरा जरी बदललं तर मला सांगणार. त्याच क्षणी. मी वर्गात असले तरी.

"वर्गात असलीस तरी," म्हणाल्या.

"आणि परीक्षा असली तरी?"

"भाताखाली जाळ मोठा आहे," म्हणाल्या आणि उठल्या.

१४ एप्रिल, सोमवार

मिस ऑरेलियांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आज ऐकू येतंय. काही बोलायचंय का?" मी म्हटलं, नाही. "मग बस जागेवर."

२० एप्रिल, ईस्टर

उकडलेली अंडी लढवली — अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. मिस अर्लीन नेहमीसारखं अंडं आधी दातांवर वाजवून निवडतात, कडक कवचाचं. डॅरिलचं फोडलं, त्याच्या मावसभावाचं फोडलं. माझ्यापाशी आल्या, नेम धरला आणि त्यांचं अंडं माझ्या अंगठ्याशेजारून हवेत. त्याच पहिल्या हसल्या. "हलू नकोस! मला दोन जॅनेल परवडत नाहीत." माझा हात डाव्या हाताने धरून ठेवला आणि टक्कन फोडलंच माझं!

२८ एप्रिल, सोमवार

फ्रीजवर चौकटींचा कागद लावलाय, मधे एक ठिपका. रोज सकाळी कॉफीआधी डावा झाकून उजव्याने ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. मिस अर्लीन कोंबड्यासारख्या ओरडतात — "सरळ!" शेजाऱ्यांनाही कळतं.

मी खोलीतून ऐकते आणि दर वेळी मनात येतं, खरंच का? त्यांना काय दिसतं ते फक्त त्यांनाच माहीत. या कागदाला बदलायचं बटण नाही. मिस ऑरेलियांना विचारलं, खात्री कशी करायची? म्हणाल्या, "नाही करता येत. विश्वास ठेवायचा." वीस वर्षं हे काम केलेल्या बाईचं हे उत्तर!

७ मे

डॅरिल समुद्रावर गेला. शेवटची परीक्षा १५ ला. मिस ऑरेलियांनी फळ्यावर तारीख लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "त्या दिवशी मेलात तरच माफी. नाहीतर पुढच्या वसंतात भेटू." थाओने मला चिमटा काढला. दवाखाना जूनपर्यंतच जागा धरून ठेवणार, वर्षभर कोण थांबतंय?

१३ मे, मंगळवार

मिस अर्लीननी माझा गणवेश इस्त्री केला. एका डोळ्याने! बाहीची घडी अशी की बोट कापेल. "पहिली ये नाहीतर शेवटची ये," म्हणाल्या, "पण ये तो कागद घेऊन. मला चर्चमध्ये दाखवायचाय." त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. गावातल्या दुकानातला माणूससुद्धा मला आज म्हणाला, गुरुवारी ना?

एवढं सगळं त्यांनी या गुरुवारसाठी सोसलं. मला माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे ते.

१४ मे

"सरळ!" म्हणाल्या सकाळी. आज जरा घाईने म्हणाल्या का? की मलाच तसं ऐकू आलं?

१५ मे, गुरुवार

शहरातल्या दवाखान्यात, बाहेरच्या खुर्चीत बसून लिहितेय. सकाळी गणवेश अंगावर होता, किल्ली हातात. मिस अर्लीन फ्रीजपाशी उभ्या. ओरडल्या नाहीत. वळल्या आणि म्हणाल्या, "जॅनेल, वाकली."

आत्ताच इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

वाटेत कॉलेजसमोरूनच गेलो, परीक्षेसाठी फाटक उघडं होतं, थाओची गाडी दिसली. मिस अर्लीननाही दिसली असणार. पूर्ण रस्ताभर त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की तू परीक्षेला जा.